लिनक्सवर नेट जोडणारा

विरारला आमच्या सोसायटीत केबलचं नेट जोडायला कंपनीचा एकच मुलगा यायचा. हसायचा कमी, पण येता-जाता म्हणायचा, "टेन्शन नको, काका." माझ्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोजऐवजी लिनक्स ही वेगळी सिस्टीम होती. नेट सुरू करायचा त्यांच्या कंपनीचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा. त्याने पिशवीतून विंडोजची सीडी काढली.

"सगळं पुसून हे टाकतो. आत जपायचं काही आहे?"

"माझ्या बाबांचा आवाज आहे," बायको म्हणाली. "ते गेले. आता तेवढाच उरलाय."

त्याने सीडी परत पिशवीत ठेवली आणि तो निघून गेला.

रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, तो पुन्हा आला. वालीवच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा त्याचा मित्र फोनवर एकेक अक्षर सांगत होता आणि हा ते मोठ्याने म्हणत टाइप करत होता. "आडवी रेघ? बरं, टाकली." पुष्कळदा चुकला, पण चिडला नाही. अखेर नेट सुरू झालं.

चहाला थांबला नाही. दारात वळून म्हणाला, "काका, ऑफिसात बोलू नका हां. नाहीतर सगळे लिनक्सवाले माझ्याच गळ्यात पडतील."

अख्ख्या विरारमध्ये दुसरा लिनक्सवाला मला माहीत नव्हता. तरी मी कुणाला बोललो नाही.