गेरूची खूण

शेंदूरजनाघाटच्या मनकर्णाबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढायची होती. तिचा तुकडा संशोधनाला द्यायच्या कागदावर मात्र त्या सही करेनात. देवानं दिलेला देह, तो असा काहून वाटून द्यायचा?

अमरावतीला संशोधन करणारी भाची रागिणी म्हणाली, "मावशी, पेशीत आरएनए म्हणून निरोपाची चिठ्ठी असते, तिच्यावर बारीक खुणा. मजकूर तोच, पण खूण चुकली की पेशी कधीकधी भलतीच वाढते."

मनकर्णाबाईंना दुष्काळ आठवला. वाळकी संत्र्याची झाडं तोडायला त्यांनी गेरूच्या खुणा केल्या होत्या. घाईत एका फळत्या झाडालाही खूण लागली, अन् मजुरांनी तेही तोडलं.

"खूण पुसता येते काय वं?"

"तेच शोधून राहिलो आमी."

"मंग आन तो कागद," म्हणत त्यांनी गजानन महाराजांचं नाव घेतलं आणि सही केली.