धरायला एक माणूस हवा

वस्तीच्या दुरुस्तीघरात पूर्वी सगळे शनिवारी एकत्र जमायचे. कामापेक्षा गप्पाच जास्त हाणायचे. मग मोबाइलवर कामं वाटणारं अ‍ॅप आलं. आता जो तो आपल्या सवडीने येतो, काम उरकतो, ‘झालं’वर बोट टेकवतो आणि चालू पडतो. सुतारकाकांना भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

शेवटी त्यांनीच अ‍ॅपवर काम टाकलं: ‘टेबलाचा पाय चिकटवायचाय. धरायला एक माणूस हवा.’ समोरचं स्टूल पुसून ते वाट बघत बसले.

तासाभराने उत्तर आलं. ‘काका, माणूस कशाला? कपाटात क्लॅम्प आहे की! तोच आवळून धरेल.’ खाली हिरवी खूण: ‘झालं’.

क्लॅम्प काकांनी सकाळीच डब्यांमागे दडवून ठेवला होता.