काशाला अंधार लागतो

नगरहून पहाटेची एसटी धरली आणि नाशिकला उतरताच मिसळ मागवली. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी रस्सा मागितलाच! पुढे तांबट आळीचा पत्ता विचारावा लागला नाही. ठोक्यांचा आवाज चार गल्ल्या आधीपासूनच कानावर येतो.

काशाची भांडी घडवणारे कारागीर कसे राबतात यावर मला पत्रक काढायचं होतं. काय लिहायचं, ते खरं तर एसटीतच ठरून गेलं होतं.

अण्णा कासारांचा कारखाना म्हणजे एक बुटकी खोली. दार ओढलेलं, एकुलती खिडकी फळी लावून बंद. आत भट्टी, धूर, काळोख. साठीचे अण्णा सांडशीत (मोठ्या पकडीत) लालबुंद चकती फिरवत होते. त्यांचा मुलगा दत्ता आणि शेजारचे सलीमभाई आळीपाळीने घण घालत होते. ठण् ठण्, ठण् ठण्! चकती पोळीसारखी पसरत चालली होती. अंगावर काटा आला माझ्या!

घाम पुसत दत्ता म्हणाला, "सिन्नरच्या लग्नाची सहा ताटं आहेत. पाच झाली. आज हे नाय झालं तर ती माणसं सगळी स्टीलची घेणार. आणि मला दोनला निघायचंय, सातपूरच्या कंपनीत पाळी आहे."

मला खोकल्याची उबळ आली. "खिडकी कशाला बंद? कामगाराला उजेडाचा हक्क नाही का?" उत्तराला कोण थांबतंय! मी फळी ओढलीच.

ऊन थेट चकतीवर पडलं.

"ताई, लावा ती आधी!" अण्णा ओरडले. तोवर घण खाली आला होता. ठण् वाजलंच नाही. तडकन् आवाज झाला आणि ताटाला आरपार चीर गेली.

अण्णांनी सांडशी ठेवून फळी पुन्हा लावली. मग म्हणाले, "कासं लाल असतं तोवर मऊ. लाली उतरली की काच. ती लाली उन्हात दिसत नाही, म्हणून अंधार ठेवतो."

"बेटी, तेरा इन्कलाब पहले थाली पे उतरा!" सलीमभाई हसले.

माझे कान तापले. "आता?"

"आता काय? तडकलं तरी वितळतं. भाता ओढता का?"

तुकडे मुशीत (धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात) गेले. मी ओढणी कमरेला बांधली आणि भट्टीला वारा घालू लागले.

"हळू, ताई. भाषण नाय चाललेलं!" दत्ता म्हणाला.

रस ओतला, नवी चकती तापली, पुन्हा ठोके सुरू झाले. शेवटचा घण टाकून दत्ता बसकडे पळाला, तो सदऱ्याची बटणं लावतच.

अण्णा ताट घासून उजळवताहेत तोच नवरीची आई आली. बोटाच्या पेराने एकेक ताट वाजवून पाहू लागली. सहाव्यापाशी थांबली. पुन्हा वाजवलं. अण्णांचा हात जागच्या जागी थबकला.

"हे आधी बांधा," ती म्हणाली.

मी टाळीच वाजवली! तळहाताचे फोड तेव्हा कळले.

निघताना अखेर विचारलं, "अण्णा, तुम्हाला हवं तरी काय?"

"धुराडं. उंच. माझी न् सलीमभाईंची, दोघांचीही छाती धुरानं भरलीय. जागेचा मालक बांधू देत नाही."

परतीच्या एसटीत फोडांनी पेन धरवत नव्हता, तरी लिहिलं. माझ्या मनातल्या मागण्या डझनभर होत्या. छापली ती अण्णांची एकच. पहिली प्रत पाठवली जागेच्या मालकाला.