धुवायला दिलेला रोल

बायको गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दिवेलागणीला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात असू. तिथं म्हशी उभ्या असतात, धार थेट पेल्यात काढून देतात आणि लोक उभ्याउभ्या पितात. ती गेल्यावर मी बरेच दिवस तिकडं फिरकलो नाही. दूध नको होतं असं नाही. 'कसं झालं हो, सर?' याला उत्तरं देत पेला रिकामा करणं नको होतं. सांत्वनाला आलेल्या माणसाला शेवटी आपणच धीर द्यावा लागतो, हे मला कळून चुकलं होतं.

मग कपाटातला जुना रोलचा कॅमेरा काढला. डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, एवढाच माझा डाव. मोबाइल चालला नसता. मोबाइलवर फोटो काढला की 'बघू, बघू' म्हणत चार डोकी आत घुसतात. रोलच्या कॅमेऱ्यात दाखवायला काहीच नसतं.

रोज जाऊ लागलो. उजेडाचा अंदाज घ्यायचा, अंतर जुळवायचं, श्वास धरायचा आणि एकच फोटो काढायचा. म्हशीच्या पाठीवरचा उतरता उजेड, पेल्यातला फेस, बादली विसळणारे हात. तेवढा वेळ ती आठवायची, पण रडू यायचं नाही. मग पेला हातात यायचा. दूध पुन्हा गोड लागू लागलं, आणि त्याचाच मला राग यायचा. इतक्यात बरं वाटणं म्हणजे तिच्याशी दगाबाजी, असं वाटायचं.

रोलमधला शेवटचा फोटो उरला तेव्हा म्हशीवाल्यानं हात पुढं केला.

"आणा हिकडं. सगळ्यांचं काढताय, तुमचा कोण काढणार?"

मी पेला घेऊन उभा राहिलो. त्यानं खटका दाबला.

आमच्याकडचे रोल धुवायला बाहेरगावी जातात, त्यामुळं फोटो हातात यायला वेळ लागला. बाकीचे बरे आले होते. माझ्या फोटोत मी एका कडेला, अंग चोरून उभा. मागं ही गर्दी, पण माझ्या डाव्या हाताला माणूसभर जागा मोकळी. संध्याकाळी तो फोटो म्हशीवाल्याला दाखवला.

"नेम चुकला तुझा," मी म्हणालो. "मला पार कडेला टाकलंस."

त्यानं हात पुसून फोटो नीट पाहिला.

"चुकला न्हाय, सर. तुम्ही रोज असंच हुबं ऱ्हाताय की. वहिनींची जागा सोडून."

मी फोटो परत घेऊन ती मोकळी जागा पाहिली.

"म्हणून आमीबी तितं कुणाला हुबं ऱ्हाऊ देत न्हाय," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची धार काढायला बसला.

मी तिथंच, सगळ्यांच्या देखत रडलो. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यानं पेला भरून माझ्या हातात दिला, आणि मी तो तिच्या जागेशेजारी उभा राहून संपवला.