पार्तिरे म्हणजे निघणे

आमचा दवाखाना बाभुळगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून थोडा आत होता. मी तिथे नर्स होते. वडिलांचं गावात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. मुसलमानाची मुलगी मिशनच्या दवाखान्यात नोकरीला लागली म्हणून सुरुवातीला मोहल्ल्यात कुजबुज झाली. मग माझ्या चुलतीचं अडलेलं बाळंतपण तिथेच सुखरूप झालं आणि कुजबुज थांबली.

दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर इटलीच्या नन. तरुणपणी इथे आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. मराठी त्या पेशंटांकडूनच शिकल्या होत्या, त्यामुळे बोलत ती आमच्याकडचीच. "ताप कवापासून हाय तुले? मंग आतापर्यंत कायले थांबली?" असं दटावून विचारत, आणि नवखी बाई उत्तर द्यायचं सोडून त्यांच्या निळ्या डोळ्यांकडे बघत राही.

मी इटालियन शिकले ती त्यांना ऐकू येईनासं झालं म्हणून. त्यांच्या धाकट्या भावाचा रविवारी दुपारी फोन यायचा. समोर बसून बोललं तर त्यांना ओठांवरून कळे, फोनवर काहीच कळत नसे. भावाला इटालियनखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. एका रविवारी त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच शीक आता."

ओपीडी आटोपली की आम्ही व्हरांड्यात बसायचो. त्यांनी मला तीन क्रियापदं दिली. पार्लारे म्हणजे बोलणे, क्रेदेरे म्हणजे विश्वास ठेवणे, पार्तिरे म्हणजे निघणे. "हे तीन पक्के कर. बाकीचे बहुतेक याहीच्याच मागं चालतात." मग पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लिआमो, पार्लाते, पार्लानो, म्हणजे मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही, तुम्ही, ते. शाळेत पाढे म्हणावेत तसं आम्ही दोघी एका चालीत म्हणायचो, आणि औषधाच्या रांगेतल्या बाया पदराआड हसायच्या.

हळूहळू मला त्यात गोडी वाटायला लागली. वर्तमानकाळात बाई आणि पुरुष दोघांचंही पार्लोच. पण निघून गेलेली बाई असेल तर पार्तीता, पुरुष असेल तर पार्तीतो. "हे आपल्यासारखंच झालं की," मी म्हटलं, तर त्या खूश झाल्या. भविष्यकाळात शेवटच्या स्वरावर जोर असतो, पार्तिरो, मी निघेन. तो शेवटचा ओ मी सोडून द्यायची आणि त्या माझ्या गुडघ्यावर बोट आपटून तो वसूल करायच्या. सगळ्यांत अवघड गेला तो कोंजुंतीवो. माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनीच तोड काढली. "तुमचं 'निघावं' हाय ना, तेच हे. पार्ते म्हणजे ती निघते. पार्ता म्हणजे तिनं निघावं, असं कोणाले तरी वाटते. कोणाले वाटते, ते पहिले पाहायचं."

कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज येई आणि बाहेरगावचे नातेवाईक जपून चौकशी करत. दवाखान्यात त्याचं रूप वेगळं होतं. झोप न येणाऱ्या बाया, कारण नसताना छाती दुखणारी माणसं, आणि फवारणीच्या दिवसांत चक्कर येऊन पडलेले मजूर. अशा पेशंटचे कपडे आधी उतरवायचे, अंग साबणानं धुवायचं आणि विषावर उतारा म्हणून लगेच अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू करायची. दुपारचे आमचे धडे त्या दिवसांत बंद पडत.

अशाच एका भादव्यात सकाळी एक बाई नवऱ्याला बैलगाडीतून घेऊन आली. त्याच्या तोंडाला फेस होता. मी त्याचा शर्ट कापत होते, सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. सिरिंज फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. सिस्टर स्वतःच्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशा बघत होत्या. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्या भिंतीला टेकत खाली बसल्या.

खोलीत नर्स मी एकटीच. त्यांच्याकडे धावले तर तो माणूस गेला असता. त्यांनी डावा हात उचलून त्याच्याकडे दाखवला. मी दुसरी सिरिंज भरली. शीर सापडत नव्हती. ती सापडून औषध आत गेल्यावरच मी सिस्टरजवळ गेले. कंपाउंडरनं माझ्या वडिलांना फोन केला होता. अब्बा दुरुस्तीला आलेली मेटॅडोर घेऊनच आले. मागे गादी टाकून एका बाजूला तो मजूर आणि दुसऱ्या बाजूला सिस्टर, असे आम्ही यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पोचलो.

मजूर वाचला. सिस्टरही वाचल्या, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मराठी नाही, इंग्रजी नाही, काही नाही. घशातून आवाज यायचा आणि त्या स्वतःच दचकून गप्प व्हायच्या. त्यांना परत आणल्यावर बाया खिडकीशी यायच्या. "सिस्टर काहून बोलून नाही राह्यल्या वं?" एक विचारायची आणि दुसरी तिला कोपरानं ढकलायची.

एका दुपारी त्यांचं अंग पुसताना मी त्यांच्याकडे तोंड करून सहज, सवयीनं म्हटलं, "पार्लो." आणि त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पार्ली, पार्ला, पार्लिआमो, पार्लाते, पार्लानो." मी पंचा बाजूला ठेवला. मी क्रेदो म्हटलं, त्यांनी पुढचं पूर्ण केलं. पार्तो म्हटलं, तेही. मी पळत जाऊन कंपाउंडरला बोलावून आणलं. पण त्यांच्यासमोर पाण्याचा पेला धरून "हे काय?" असं विचारलं, तर त्यांना पाण्याला कुठल्याच भाषेत शब्द सापडेना. डोळ्यांत पाणी तरळलं तेवढंच.

तपासायला आलेल्या डॉक्टरांनी समजावलं, "असं होतं. पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं. पाढे येतात म्हणजे बोलता येतं असं समजू नका." मी समजले नाही असं नाही. तरी रोज म्हणवून घेत राहिले. वर्तमानकाळ झाला की भूतकाळ, मग भविष्य. एकदा सुरू झालं की त्या मधे थांबत नसत, थांबताच येत नसे.

दिवाळीच्या आधी नागपूरहून मदर आल्या. मदर म्हणजे त्यांच्या संस्थेच्या प्रमुख, मूळच्या केरळच्या, आमच्याशी हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी आधी मला बाहेर बोलावलं. सिस्टरचा भाऊ त्यांना घरी न्यायला तयार होता. तळमजल्यावर खोली केली होती, तिकडे बोलायला शिकवणारे लोक होते. इथे त्यांच्यामागे कोणी नव्हतं, आणि त्या गेल्यावर दवाखाना चालवायलाही कोणी नव्हतं.

"पण मी त्यांना विचारल्याशिवाय पाठवणार नाही," मदर म्हणाल्या. "आणि विचारायचं ते त्यांच्या भाषेत. ते तुला करावं लागेल."

आम्ही सिस्टरच्या खाटेजवळ गेलो. भावाला फोन लावून मदरनी स्पीकर सुरू केला. त्याचा खोकला ऐकू येत होता. मी सिस्टरच्या समोर, माझे ओठ त्यांना दिसतील अशी बसले आणि विचारलं, "तुम्हाला निघायचं आहे का?" इटालियनमध्ये त्यात पार्तिरे हा शब्द येतोच.

त्या लगेच म्हणाल्या, "पार्तो, पार्ती, पार्ते, पार्तिआमो..."

"निघते म्हणाल्या ना?" मदरनी विचारलं. त्यांना पार्तो तेवढा कळला होता.

"हा पाढा आहे, मदर. शब्द ऐकला की तो आपोआप सुरू होतो. हे उत्तर नाही."

मदर माझ्याकडे वळल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्या गेल्या तर तुझी नोकरी जाते. तू त्यांची मुलीसारखी आहेस. त्यांनी राहावं असं तुला वाटतं. हो की नाही?"

"हो," मी म्हटलं. खोटं काय बोलणार होते? पण मग मी जे सांगेन त्यावर यांनी का विश्वास ठेवावा, हे मलाही उमगेना. फोनवर भाऊ विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली.

मी पुन्हा सिस्टरकडे वळले. सावकाश सांगितलं, "तुमच्या भावाला वाटतं तुम्ही निघावं." पार्ता. "मदरना वाटतं तुम्ही निघावं." पार्ता. त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. मग मी फक्त विचारलं, "ए लेई?" म्हणजे, आणि तुम्हाला? पुढे क्रियापद लावलंच नाही. पाढा सुरू होईल असं काही मला त्यांच्या हातात द्यायचं नव्हतं.

त्यांचं तोंड हललं, बंद झालं. कपाळावर घाम आला. मनातल्या मनात मी घोकत होते, रेस्तो, रेस्तो, मी राहते. ते त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी किती आतुर होते, ते माझं मला माहीत.

"पार्तिरो," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. पार्तिराय, पार्तिरा, असं पुढे आलं असतं तर तो पाढाच होता. पुढे काही आलं नाही. मला खात्री करून घ्यायची होती, की त्यांचं उत्तर मोडून काढायचं होतं, कोण जाणे, पण मीच हळूच म्हटलं, "पार्तिराय..."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डावा हात छातीवर ठेवला आणि पुन्हा म्हणाल्या, "पार्तिरो." शेवटचा ओ ठासून.

फोनवर भाऊ रडत होता. मदर माझ्याकडे बघत होत्या. आता सगळं माझ्या शब्दावर होतं. पाढाच आहे म्हटलं असतं, तर कदाचित मदरनी त्यांना आणखी एखादा महिना थांबवलं असतं.

"निघेन म्हणतात," मी सांगितलं. "हे त्यांचं त्या बोलल्या."

मदरनी माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

त्यांना का जायचं होतं हे मी नंतर विचारलं. त्यांनी नुसतं माझ्या गालाला हात लावला. इतकी वर्षं आमच्या माणसांना उठवून बसवणाऱ्या बाईला आमच्यासमोर पडून राहायचं नसेल. किंवा आपलं घर पाहायचं असेल, तेवढंच. निघायच्या दिवशी बाया रस्त्यापर्यंत आल्या. अब्बांनी सिस्टरना उचलून गाडीत बसवलं आणि सीटच्या मागे उशी नीट लावून दिली.

दवाखाना वर्षअखेरीस बंद झाला. मला नेरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. बस पकडून जायचं, रात्री अंधार पडल्यावर परत. रविवारी मात्र मी घरी असायची आणि भाऊ आमच्या दुकानातल्या फोनवर फोन करायचा. तो फोन सिस्टरच्या तोंडाजवळ धरी आणि त्यांचा श्वास ऐकू येई. कधी मी पाढे सुरू करी, भाऊ पहिला शब्द त्यांच्यासमोर म्हणून दाखवी आणि त्या पूर्ण करत. कधी अर्ध्यावर थकत. एवढंच चाललं होतं, कित्येक महिने.

पुढच्या कापूसवेचणीच्या दिवसांतला एक रविवार. त्या आठवड्यात नेरला पेशंटांची रीघ होती आणि मी इतकी दमले होते की फोन उचलून गप्पच राहिले, पाढा सुरू केलाच नाही. मग अडखळत, एकेक अक्षर जोडत त्यांचा आवाज आला.

"आय... मान्जातो?"

जेवलीस का?

दुकानात इंजिन चालू होतं. मी अब्बांना हातानं खूण करून ते बंद करायला लावलं, आणि म्हटलं, हो सिस्टर, जेवले.