अर्धा खर्रा

मार्कंड्याच्या जत्रेतला प्रसादसुद्धा मामी आधी हुंगायची, मग तोंडात टाकायची. देवावर तिचा विश्वास होता; वाटणाऱ्यांवर नव्हता. मी ब्रह्मपुरीहून सुटीत गेले, की पहिला प्रश्न ठरलेला, "आईनं धाडलं, का भांडून आली?"

मामांवर तर तिची पाळतच असे. ते तळ्यावरून मासे घेऊन आले, की कुठी होते, कोणासंगं होते, सगळं खोदून विचारून होई. मग दोघं ओट्यावर टेकत. मामी प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू नि चुना घालून खर्रा घोटायची आणि अर्धा मामांच्या हातावर ठेवायची. दिवसभरात तेवढाच वेळ तिला कुणाचा संशय येत नसे.

मामांचं तोंड उघडेनासं झालं, भाताचा घास जाईना, तेव्हा मीच दोघांना गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खर्रा सुटला नाही तर कॅन्सर. तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "व्यसन दोघांचंही आहे. सोबत येता, की वेगवेगळे?"

"संगंच येऊ," मामा चटकन म्हणाले.

झालं! मामीला तिथेच शंका आली. "संगं काऊन? माझ्या तोंडाकडे पाहून खोटं बोलाले? नाई बाई, यायले एकटंच बसवा. मंग खरं बोलतीन."

सोबत सोडलं तर एकमेकांचा आधार होतो, असं बाईंनी परोपरीने सांगितलं. मामी ढिम्म हलली नाही. दोघांचे दिवस वेगळे ठरले.

मामीने खर्रा सोडला तो कायमचा. संध्याकाळी मामा आले, की ती त्यांचे हात हुंगे. वास फक्त माशांचा. "मुद्दाम मासे चोळले असन," ती मला म्हणे. मला तिचा भयंकर राग यायचा.

पण संशय खरा निघाला. मामा बाहेर खर्रा खात होते. शेवटी कॅन्सर झालाच, आणि त्या दुखण्यातच ते गेले.

तेरवीच्या दिवशी मामीने मला जवळ बसवलं. मला वाटलं, आता म्हणेल, पाहा, मी सांगत नव्हते? पण ती हळूच म्हणाली, "कोण घोटून देत होतं त्यायले?"

"पानठेल्यावरून घेत असतील, मामी."

"ठेल्यावरचा त्यायले कधी गोडच नाई लागला," मामी म्हणाली, आणि अंगणातून घरी निघालेल्या बायकांकडे एकेक करून बघत राहिली.