रविवारी तुटणारी लाइन

दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आल्या आल्या पद्माकर खासनीसांनी टेलिफोनसाठी अर्ज केला होता. फोन घरात आला तेव्हा त्यांचा मुलगा विश्वजित शाळेत जायला लागला होता. यंत्र चालेनासं झालं तर चिडायचं नाही, कारण शोधायचं, ही सवय त्यांना तेव्हापासूनची. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेला, पण कुणाचा गीझर बिघडला की सोसायटीतले लोक म्हणत, "खासनीसजी से पूछो."

विश्वजितला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. डेंग्यूचं निमित्त झालं. सून केतकी काही महिने त्यांच्याजवळ राहिली आणि मग पुण्याला माहेरी गेली, तिथंच तिनं नोकरी धरली. नात सुनयना सहा वर्षांची. दर रविवारी सकाळी ती व्हिडिओवर दिसे. त्या अर्ध्या तासासाठी पद्माकर शनिवारीच दाढी करून ठेवत आणि त्यांच्या पत्नी वृंदाताई ठेवणीतली साडी काढत.

गेले काही रविवार मात्र बोलणं मध्येच तुटायचं. सुनयना काहीतरी सांगत हसायला लागे, आणि ते हसू पडद्यावर तसंच थिजून जाई. आवाज परत यायचा तेव्हा ती कंटाळलेली असे.

"आबा, तुम्ही परत पुतळा झालात."

एका रविवारी केतकीच फोनवर आली. "बाबा, ती हल्ली बसायलाच तयार नसते. महिन्यातून एकदा करायचं का?"

"लाइनचा दोष आहे गं. काढतो मी शोधून," पद्माकर म्हणाले. "तोवर रविवार मोडू नकोस."

मग ते कामाला लागले. आधी संशय वायफायवर, म्हणून लॅपटॉप थेट वायरनं इंटरनेटच्या पेटीला जोडला. मग मायक्रोवेव्ह बंद करून पाहिला. कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. "अंकलजी, लाइन बिल्कुल ओके है. आपके यहाँ नेट संडे की छुट्टी मनाता है," असं म्हणून चहा पिऊन गेला.

पद्माकरांनी लॅपटॉपवर एक साधी युक्ती लावली. यंत्र सारखं हाक मारत राहायचं, एक हाक घरातल्या पेटीला आणि एक बाहेर, दूरच्या कुठल्याशा ठिकाणी. उत्तर आलं की पडद्यावर एक ओळ उमटे. आठवडाभर दोन्हीकडून उत्तरं येत राहिली. वृंदाताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्याला जेवायला तरी घाला, किती वेळ हाका मारतोय."

रविवारी कॉल सुरू असतानाही त्यांनी हाका चालूच ठेवल्या. सुनयना शाळेतल्या नाटकाचं सांगत होती. तिला म्हणे शेळी केलं होतं आणि शेपूट स्टेजवरच गळून पडलं. सांगता सांगता ती हसायला लागली आणि थिजली. पद्माकरांनी पाहिलं, घरातल्या पेटीकडून उत्तरं येत होती, बाहेरून येत नव्हती. म्हणजे दोष पेटी आणि बाहेर यांच्या मधला. वायर कुठून येते ते पाहायला त्यांनी मान वळवली.

बाल्कनीचं दार बंद होतं. काचेपलीकडे वृंदाताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पदर तोंडावर धरलेला.

वायर त्याच दाराच्या खालच्या कोपऱ्यातून आत येत होती. जोडणीच्या वेळी कंपनीवाल्यानं भिंतीला भोक पाडायचं म्हटलं तर वृंदाताईंनी पाडू दिलं नव्हतं. विश्वजितच्या लग्नाच्या वेळी भिंतीला पिस्ता रंग दिला होता, त्याला त्या साधा खिळाही मारू देत नसत. दिवसभर दार उघडं असे आणि रात्री ते लावण्याआधी पेटी बंद होई, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वृंदाताई भाजी आणायला गेल्यावर पद्माकरांनी दार ओढून घेतलं. वायर चौकटीत चेमटली, हाका निरुत्तर झाल्या. दार उघडलं, उत्तरं आली. दोष सापडला की त्यांना एरवी बरं वाटे. आज ते नुसतेच बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. वृंदाताई बराच वेळ गवार मोडत राहिल्या.

"म्हणजे मीच तोडत होते होय," त्या म्हणाल्या. "हसताना ती डोळे बारीक करते ना, अगदी विश्वजितसारखी. मला नाही बघवत. तिला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून दार लावते. आता नाही लावणार."

"तू लाव," पद्माकर म्हणाले. "वायर दुसरीकडून घेता येते."

वृंदाताईंनी भिंतीकडे पाहिलं. "अगदी खाली, कोपऱ्यात पाडायला सांगा."

ड्रिल चालू असताना त्या आतल्या खोलीत होत्या. नंतर येऊन पिस्ता रंगाचा चुरा त्यांनीच झाडून काढला.

पुढच्या रविवारी सुनयना आजोबांना शेपटाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मागे दार लागल्याचा आवाज आला. चित्र थिजलं नाही. ती खळखळून हसली, पूर्ण हसली.

"आजी कुठेय?"

"आहे ना, बाल्कनीत. कपडे वाळत घालतेय."

"आजी नेहमीच कपडे वाळत घालते."

"हो गं, फार कपडे होतात आमचे," पद्माकर म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "शेपूट पडलं, मग? मग काय झालं?"